कोपऱ्यातल्या कपाटाला पिस्ता रंग

१

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी जागृतीने किचनची कपाटं रंगवायला काढली. तयारी म्हणून तिने यूट्यूबवर एका बाईचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला होता. ती बाई पांढराशुभ्र शर्ट घालून अख्खं किचन रंगवते आणि शेवटी शर्टावर एक ठिपका नसतो. पहिल्या तासाभरातच जागृतीच्या कोपरापर्यंत प्रायमर आला, केसांनाही लागला, आणि त्या बाईवरचा तिचा विश्वास पार उडाला.

घरात ती आणि सासरे, दोघंच. नवरा, संदेश, मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर. सासऱ्यांचं नाव परशुराम, ती त्यांना बाबा म्हणे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि कोलशेतच्या या फ्लॅटमधली कपाटंही त्यांनीच सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना खाली बसता येत नव्हतं. म्हणून किचनच्या दारात खुर्ची टाकून ते तिथून कारभार बघत होते.

पॉलिश पेपर असा धर, तसा घासू नको, ब्रश डब्यात बुडवलास की काठावर दोनदा झटक, हे सगळं झालं. मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. कपाट आतून बाहेर रंगवायचं असतं. आधी मागची फळी, मग बाजू, मग कड. उलटं केलंस तर तुझाच हात ओल्यात बुडेल.

जागृती हो हो म्हणाली. तिने त्याआधीच दोन कपाटं बाहेरून आत रंगवलेली होती, पण ते बाबांना खुर्चीतून दिसत नव्हतं.

२

रंगारी का बोलावला नाही, असं शेजारच्या प्रियांकाने विचारलं होतं. त्याला कारण होतं.

सासूबाई, गोदा, मागच्या वर्षी गेल्या. कपाटांना पिस्ता रंग द्यायचा हे त्यांच्या मनात फार वर्षं होतं. पण चपला घालून ओट्यापर्यंत येणारा रंगारी त्यांना चालत नव्हता, आणि चपला काढून येणारा त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. त्यामुळे कपाटं तपकिरीच राहिली आणि त्यांची कुरकुरही तशीच राहिली.

दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, चांगले गच्च बसले होते, पण खाली एकही उतरत नव्हता. मग अशा वेळी जे होतं ते सुरू झालं. एकेकाने पुढे व्हायचं, गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखायचं आणि हात जोडून वचन द्यायचं. संदेश म्हणाला, बाबांना जपू. गावाहून आलेले चुलतसासरे म्हणाले, गावच्या घराकडे लक्ष ठेवू. कुणी म्हणालं, कुलदेवतेला जाऊन येऊ. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले.

शेवटी जागृती पुढे झाली. तिला जे पहिलं सुचलं तेच ती बोलून गेली. "आई, किचनची कपाटं मी माझ्या हाताने रंगवीन. पिस्ता रंगाने."

वाक्य पुरं होतंय तोच कावळा उतरला आणि भाताला चोच लावली. रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं. गोदाचा जीव किचनमध्येच अडकला होता तर, असं म्हणत मंडळी घरी आली. वर्ष पुरं होईतो घरात सण नाही आणि रंगरंगोटीही नाही, म्हणून वर्षश्राद्ध होईपर्यंत जागृती थांबली. आता दिवाळी तोंडावर होती.

३

रविवारी संध्याकाळपर्यंत कपाटांची काढलेली दारं, सगळी शटर, गॅलरीत वर्तमानपत्रांवर वाळत पडली होती आणि किचन पिस्ता दिसू लागलं होतं. एकच कपाट उरलं होतं. ओटा जिथे वळतो त्या कोपऱ्यातलं, खोल, अंधारं, ज्यात परात आणि मोदकपात्र ठेवत. त्याचं शटर तिने अजून काढलेलंही नव्हतं.

ती फरशीवर आडवी झाली आणि ब्रश घेऊन हात आत घातला. या वेळी नीट करायचं, मागच्या फळीपासून. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. ब्रशला काही लागलं नाही. तिने गाल कपाटाच्या कडेला टेकवला आणि आणखी ताणून पाहिलं. ब्रश मोकळ्या हवेत फिरत राहिला. आतली हवा गार होती आणि हाताला बरं वाटत होतं. तिने डोळे मिटले. दिवसभराच्या श्रमाने तिला तिथल्या तिथे झोप येईल असं वाटलं, आणि वाटलं की आपण झोपलो तर इथे कुणी उठवणार नाही, हवं तितकं झोपू देतील.

मग तिने हात बाहेर काढला आणि टेप आणली. जागृती एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. मोजल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. टेप आत सरकवली, ती मागच्या फळीला टक्कन लागली. कपाट ओट्याइतकंच खोल होतं. तिचा हात त्यापेक्षा लांब होता.

हाताला मुंग्या आल्या असतील, कळलं नसेल, असं तिने ठरवलं. उरलेलं उद्या बघू म्हणून तिने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर चहा ठेवता ठेवता तिने सहज वाकून त्या कपाटात मोबाइलचा टॉर्च मारला. मागची फळी पिस्ता होती.

तिने बोट लावून पाहिलं. ओली होती. आणि काम सुरेख होतं. ब्रशचे फटकारे एका दिशेने, आतून बाहेर आलेले, कोपऱ्यात कुठे रंग साचलेला नाही, ओघळ नाही. जागृतीच्या हातून असं काम झालं नसतं. तिची रंगवलेली कपाटं शेजारीच होती, तुलना करायला लांब जायला नको होतं.

हे बाबांनीच केलं, असं तिला आधी वाटलं आणि रागही आला. पण बाबांना खाली बसता येत नव्हतं. आंघोळीला स्टूल, जेवायला टेबल. खाली पडलेला रुमालसुद्धा ते काठीने उचलत. तरी तिने विचारलं. बाबा हॉलमध्ये इस्त्री करत उभे होते, सगळे पांढरे शर्ट समोर घेऊन. मागचं झालं का, असं त्यांनीच उलट विचारलं, आणि हसले.

गेलं वर्षभर बाबा हसले नव्हते. नुसते गॅलरीत बसून असायचे, ताटात वाढलेलं तसंच राहायचं. रंगाचं काम करायचं ठरल्यापासून मात्र माणूस पालटला होता. रोज दाढी, दोन वेळचं जेवण, वर ताकाची मागणी. आज दुपारी त्यांनी आपला ट्रान्झिस्टर वॉचमन उत्तमला देऊन टाकला होता. मला आता काय करायचाय, असं त्यांनी उत्तमला सांगितलं. जागृतीला त्यांचा चेहरा पाहून इतकं बरं वाटलं की फळीचं तिने तात्पुरतं सोडून दिलं. तिचे आईवडील तिच्या लग्नाआधीच गेलेले. ऑफिसातून आल्यावर 'जेवलीस का गं' असं विचारणारं तिला जगात हे एकच माणूस उरलं होतं.

५

बुधवारी ती घरूनच काम करत होती. दुपारी बाबा झोपले होते, पंखा फिरत होता, खाडीकडून येणारा वारा पडदा फुगवत होता आणि सोडत होता. लॅपटॉपवर नजर ठेवून ती बराच वेळ एक आवाज ऐकत होती आणि आपण ऐकतोय हे तिला कळत नव्हतं. ओला, लांबट आवाज. मग थोडं थांबून डब्याच्या काठावर टक, टक. मग परत तो लांबट आवाज.

तो इतका शांत होता की तिला लहानपणीची सुट्टीतली दुपार आठवली, आपण लोळतोय आणि घरातली कुणी मोठी बाई पलीकडे काहीतरी करतेय, अशी. मग तिला कळलं की हा रंगाचा ब्रश आहे आणि तो किचनमध्ये चाललाय.

ती किचनमध्ये गेली. आवाज कोपऱ्यातल्या कपाटातून येत होता, आणि तिने शटरला हात लावताच थांबला. आत कुणी नव्हतं. पण मागच्या फळीचा रंग आता दोन्ही बाजूंवर वळला होता आणि वीतभर पुढे आला होता. पुढची कड सरळ, ताज्या रंगाने चकाकणारी.

कदाचित शेजारी रंगकाम चाललं असेल. भिंतीतून आवाज कुठून कुठे जातात सांगता येत नाही. ती जिन्यात जाऊन पाहून आली. कपाटामागच्या भिंतीच्या पलीकडे कुणाचं घर नव्हतं. तिथे पाइप उतरवलेला डक्ट होता, वरून खालपर्यंत उघडा, आणि त्यात कबुतरं बसली होती.

परत आली तेव्हा बाबा जागे होऊन हॉलमध्ये बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं ते तिला वेड्यात काढतील. तसं झालं असतं तर तिला हवंच होतं.

"पुढे आलंय ना?" बाबा म्हणाले. "चांगलं आहे. तिला अर्धवट काम आवडायचं नाही."

जागृती त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाबा जरा ओशाळले, आणि चोरून गोड खाल्ल्याचं कबूल करावं तसं त्यांनी सांगून टाकलं.

"घाटावर तू पुढे झालीस ना, तेव्हा मी मागे उभा होतो. तू कपाटांचं बोललीस. त्याच वेळी मी पण तिला मनातल्या मनात म्हटलं, एवढं घरचं काम आटपू दे. मग मी येतोच. आणि कावळा शिवला."

६

जागृतीने त्याच संध्याकाळी काम बंद केलं. उरलेल्या रंगाचे डबे, ब्रश, टर्पेंटाइन, सगळं एका गोणीत भरून तिने उत्तमच्या केबिनमध्ये ठेवायला दिलं. काम पुरंच नाही झालं तर बाबांना कुठे जायचं कारण नाही. हा विचार वेडेपणाचा आहे हे तिला समजत होतं. तरी गोणी खाली देऊन आल्यावर तिला त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

गुरुवारी सकाळी रंग आणखी वीतभर पुढे आला होता.

ती फोनवर संदेशशी बोलली. बोटीवरचा फोन, आवाज तुटत होता. बाबा ठीक आहेत ना, जेवतात ना, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, खूप छान जेवतात, तेच तर. मग तिने कपाटाचं सांगितलं. संदेशने शांतपणे ऐकून घेतलं. ऑइलपेंटच्या वासाने डोकं भणभणतं, बोटीवर पण पोरांना असंच होतं, सगळ्या खिडक्या उघड आणि दोन दिवस बाहेरून जेवण मागव, असं तो म्हणाला. ते इतकं पटण्यासारखं होतं की तिने लगेच सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग तिने पॉलिश पेपर घेतला आणि कपाटात डोकं घालून नवा रंग घासून काढायला लागली. हिरवट भुकटी डोळ्यांत, नाकात गेली, बोटांची सालं निघाली. वीतभर घासून काढला तेव्हा संध्याकाळ झाली होती. आपण लहान मूल होऊन चिडून मोठ्या बाईचं काम विस्कटतोय, असं तिला मधूनच वाटे आणि लाज वाटे. तरी ती थांबली नाही.

शुक्रवारी सकाळी घासलेलं सगळं भरून निघालं होतं. वर जागृतीच्या नखांचे जे ओरखडे पडले होते तेवढे आधी पुट्टी भरून बुजवलेले होते. रंग कपाटाच्या तोंडापर्यंत आला होता. समोरची बोटभर कड काय ती तपकिरी राहिली होती.

बाबांनी त्या दिवशी दुपारी न्हाव्याला घरी बोलावून केस कापून घेतले.

७

शनिवारी जेवणं झाल्यावर बाबांनी पांढरा शर्ट घातला, पायात चामड्याच्या सँडल चढवल्या आणि हॉलमधल्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, म्हणून जागृतीने विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिची विचारायची छाती झाली नाही.

ती किचनमध्ये गेली. दुपारचं ऊन ओट्यावर पडलं होतं आणि पिस्ता रंगामुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यातल्या कपाटाचं शटर लोटलेलं होतं. आतून ब्रशचा आवाज येत होता, आता अगदी जवळून. ती समोर फरशीवर बसली आणि तिने शटर चार बोटं उघडलं. या वेळी आवाज थांबला नाही.

आतून बाहेर रंगवत येणारं माणूस पाठमोरं येतं. इतके दिवस तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

फटीत पाठ होती. हात लांब केला असता तर लागली असती. कमरेला खोचलेला पदर, मानेवर उतरलेला सैल अंबाडा, आणि उजवं कोपर, सावकाश पुढे जाणारं आणि मागे येणारं. कोपराच्या पलीकडे कपाट कुठे संपत होतं ते दिसत नव्हतं.

जागृतीला भीती वाटली, पण तिला वाटलं होतं तशी नाही. भीतीपेक्षा तिला रडू जास्त येत होतं.

"आई," ती म्हणाली, "बाबांना नेऊ नका. घरात मला दुसरं कोणी नाही."

ब्रश थांबला. पाठ वळली नाही. श्वास घेतल्यासारखी किंचित वर-खाली झाली, आणि मग कोपर पुन्हा हलायला लागलं. उरलेल्या कडेकडे.

तेव्हा जागृतीला ते सुचलं. कुठून सुचलं कोण जाणे. सासूबाईंच्या हाताखाली सात-आठ वर्षं काढलेल्या सुनेलाच ते सुचलं असतं. तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"पण मागच्या फळीला रंगाचा एकच हात बसलाय, आई. तपकिरी दिसतोय खालून. दुसरा हात द्यायला लागेल. तुम्हाला चाललं असतं का असं?"

कोपर होतं तिथेच थांबलं. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मग पाठ लांब गेली. वळून नाही, तशीच, समोर, आतल्या बाजूला. डबा लाकडावरून घासत नेल्याचा आवाज आला. थोडा वेळ थांबे, मग पुन्हा पुढे, आणखी आत, आणखी आत. कपाटाच्या मानाने तो आवाज फारच लांब गेला. शेवटी अगदी बारीक, टक, टक असं ऐकू आलं.

जागृतीने शटर बंद केलं. तिला एकदम फार आनंद झाला. पहिला हात, दुसरा हात, मग तिसरा. मन भरेपर्यंत काम करणारी बाई होती ती. काम कधी संपायचंच नाही.

८

"झालं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. अजून एक हात लागणार. आतला नीट बसला नाही."

बाबांचा चेहरा उतरला. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या सँडलचे पट्टे सोडवायला लागली. आता चहा टाकते, असं काहीबाही ती बोलत होती. जरा पडा, संध्याकाळी खाडीवर चक्कर मारून येऊ. बाबा ऐकत नव्हते.

"तू सांगितलंस तिला?"

"हो."

"मग?"

"परत आत गेल्या. मागपर्यंत."

बाबा किचनच्या दाराकडे पाहत राहिले. आतून तो आवाज येत होता, फार लांबून, सावकाश.

"तिचे गुडघे गेलेले गं," ते म्हणाले. "शेवटी शेवटी देवासमोर पण खाली बसवत नव्हतं तिला. तिथून एवढी लांब सरपटत आलेली. आणि तू परत पाठवलंस."

ते चिडून बोलले नाहीत. नुसतं सांगितलं. मग जागृतीच्या डोक्यावर हात ठेवून, त्या हाताच्या आधाराने ते उठले. तो हात क्षणभर तिथेच राहिला. काठी खुर्चीलाच टेकलेली होती, ती त्यांनी घेतली नाही. अनवाणी पायांनी ते किचनमध्ये गेले.

तिने आडवं जायला हवं होतं. त्यांचा हात धरून बसवायला हवं होतं, ओरडून प्रियांकाला बोलवायला हवं होतं. हे सगळं तिला तेव्हाही कळत होतं. पण ते बोलले होते ते खरं होतं. ती मांडीवर त्यांच्या सँडल घेऊन तशीच बसून राहिली.

शटरची बिजागरी वाजली. मग वयस्क माणूस खाली बसताना कण्हतो तसा आवाज आला, आणि लाकडावर काहीतरी जड सरकलं. गोणी खाली उत्तमकडे होती, ब्रश त्यात होते. तरीसुद्धा थोड्या वेळाने दुसरा ब्रश चालू झाला. पहिला लांब होता, हा जवळ होता, आणि जरा घाईघाईने चालला होता. पहिला थांबला. मग अगदी सावकाश, दुसऱ्याला गाठता यावं म्हणून चालावं तसा, तो परत सुरू झाला.

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. दोन्ही ब्रश आता एका लयीत आले होते आणि दूर जात होते. कोणता कुणाचा हे ओळखू येईनासं झालं तरी जागृती ऐकत बसली होती.